शेतात पडलेल्या त्या जर्मन विमानाचं पुढे काय झालं असेल?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या जुन्या बाजारात १९४० सालचं एक इंग्रजी सचित्र मासिक मिळालं. त्यात गव्हाच्या शेतात पोटावर पडलेल्या जर्मन विमानाचा फोटो आहे आणि शेजारी एक पोलिस उभा आहे. त्या विमानाचं आणि आतल्या माणसांचं पुढे काय झालं असेल, आणि आज ते शोधता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

बहुतेक शोधता येईल. विमानाच्या अंगावरची अक्षरं फोटोत वाचता येतात का, यावर बरंचसं अवलंबून आहे. त्या अक्षरांकडे शेवटी येतो.

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ राहतो. कॉसफर्डचं हवाई दलाचं संग्रहालय इथून जवळ. काही वर्षांपूर्वी तिथे गेलो, तर आवारात प्लास्टिकचे दोन लांबलचक बोगदे उभे होते, आपल्याकडे तळेगावला गुलाबांची पॉलिहाऊस असतात तसे. आत फुलं नव्हती. गंजून, शिंपले चिकटून ओळखू न येणारं एक विमान होतं आणि त्याच्यावर पाण्यात मिसळलेल्या सायट्रिक आम्लाचा फवारा सतत चालू होता. समुद्राचं मीठ धातूतून हळूहळू काढायचं होतं. डॉर्नियर १७ जातीचं हे विमान १० जून २०१३ रोजी केंटच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यातून वर काढलं. या जातीची दोन हजारांहून जास्त विमानं बनली, त्यातलं बऱ्यापैकी अखंड उरलेलं हे एवढंच.

संग्रहालयाने जुळवलेली हकीकत अशी आहे. २६ ऑगस्ट १९४० रोजी एसेक्समधल्या विमानतळांवर बाँब टाकायला निघालेल्या तुकडीतलं हे विमान. ब्रिटिश डिफायंट विमानांनी त्याला घेरलं. इंजिनं निकामी झाल्यावर पायलटने ते ओहोटीच्या वाळूवर उतरवायचा प्रयत्न केला, पण ते उलटं होऊन बुडालं. पायलट आणि एक सहकारी जिवंत सापडले, कैदी झाले. उरलेल्या दोघांची प्रेतं पुढे किनाऱ्याला लागली. चार माणसं, एक विमान आणि तीन वेगळ्या वाटा. तुमच्या फोटोतल्या विमानाची गोष्टही याहून फार वेगळी नसावी.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या शेतात जर्मन विमान उतरलं की आधी गावचा पोलिस किंवा होमगार्डवाले पोचायचे. जिवंत वैमानिकांना ताब्यात घ्यायचे, आणि आठवणीसाठी कुणी तुकडे तोडून नेऊ नयेत म्हणून विमानावर पहारा बसवायचे. (तरी पोरं तुकडे न्यायचीच.) मग हवाई दलाच्या गुप्तवार्ता शाखेचा अधिकारी यायचा आणि इंजिनाचा नंबर, चिलखती पत्रा, बंदुका, रेडिओ, खिशातली चिठ्ठीचपाटी, सगळं टिपून घ्यायचा. ते अहवाल लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. विमान ट्रकवर चढून ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या भंगार आगारात जायचं आणि तिथे वितळवलं जायचं. तिथला मोडक्या पंखांचा ढीग पाहून पॉल नॅश या चित्रकाराने चांदण्यातला गोठलेला समुद्र रंगवला. जर्मन अॅल्युमिनियमचं ब्रिटिश अॅल्युमिनियम झालं. तुमच्या फोटोतल्या विमानाचं बहुधा हेच झालं असणार.

जिवंत सापडलेले वैमानिक लंडनला चौकशीसाठी जायचे. उत्तर लंडनमधल्या ट्रेंट पार्कसारख्या ठिकाणी कैद्यांच्या खोल्यांत छुपे मायक्रोफोन होते. आपापसात बोलताना ही माणसं काय काय बोलली, ते पुढे कागदावर आलं. त्यात घरच्या आठवणी आहेत, विमानांच्या तक्रारी आहेत, आणि रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडल्याच्या बढायाही आहेत. तो भाग वाचून मी एकदा पान मिटून ठेवलं होतं. माझ्या घरापासून तासाभरावर कॉव्हेंट्री आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत तिथे पाचशेहून जास्त माणसं मेली. म्हणून या वैमानिकांविषयी लिहिताना ते कुणासाठी आणि कशासाठी उडत होते, हे मी नजरेआड करत नाही.

चौकशीनंतर छावणी, आणि बऱ्याच जणांना जहाजाने कॅनडा. तिथून निसटून जर्मनीला परत पोचलेला एकच, फ्रान्झ फॉन वेरा. सप्टेंबर १९४० मध्ये केंटमध्ये त्याचं विमान पाडलं गेलं. जानेवारी १९४१ मध्ये त्याने कॅनडात चालत्या गाडीच्या खिडकीतून उडी टाकली, गोठलेली सेंट लॉरेन्स नदी ओलांडली आणि तेव्हा युद्धात नसलेल्या अमेरिकेत शिरला. मग मेक्सिको, दक्षिण अमेरिका करत घरी पोचला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला नेहमीच्या गस्तीवर समुद्रावर असताना त्याच्या मेसरश्मिट लढाऊ विमानाचं इंजिन बंद पडलं आणि तो बुडाला. देह सापडला नाही. म्हणजे कैदेत राहिला असता तर बहुधा म्हातारा होऊन मेला असता.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वाचायला लागलो तेव्हा याच गोष्टीने मला सर्वांत जास्त धक्का दिला होता. १९४० मध्ये इंग्लंडवर पाडले जाऊन कैद होणं ही जर्मन वैमानिकाच्या वाट्याला येऊ शकणारी बरीच चांगली गोष्ट होती. इंग्लंडवरच्या त्या हवाई लढाईत मेलेले आणि बेपत्ता झालेले जर्मन वैमानिक-सहकारी अडीच हजारांच्या घरात आहेत, कैदी नऊशेच्या वर. पण जे सुखरूप परतले, त्यांच्यापुढे अजून साडेचार वर्षांचं युद्ध होतं आणि त्यातून बाहेर पडायची वाट नव्हती.

ब्रिटिश आणि अमेरिकन हवाई दलांत ठरावीक मोहिमा किंवा तास पूर्ण झाले की वैमानिकाला मागे बोलवायचे. तो वैमानिकांच्या शाळेत शिकवायला जायचा आणि नवी पोरं त्याच्याकडून जगायचं कसं ते शिकायची. लुफ्तवाफेत, म्हणजे जर्मन हवाई दलात, अशी ठरलेली पद्धत नव्हती. माणूस मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा पकडला जाईपर्यंत उडायचा. एरिख हार्टमान या पायलटच्या नावावर पाडलेली ३५२ विमानं, बार्कहॉर्नच्या ३०१, हे आकडे पाहून लोक थक्क होतात. कौशल्य होतंच, पण त्या आकड्यांच्या मागे ही न संपणारी पाळीही आहे. आणि एका हार्टमानमागे पहिल्या चार-पाच उड्डाणांत संपलेले कितीतरी आहेत, ज्यांची नावं कुणाला सांगता येत नाहीत.

शत्रूच्या गोळीनेच सगळे मेले असंही नाही. मार्सेय हा आफ्रिकेतला २२ वर्षांचा पायलट, १५८ विमानं पाडलेला. ३० सप्टेंबर १९४२ रोजी इजिप्तच्या वाळवंटावर इंजिन पेटलं, कॉकपिट धुराने भरलं. त्याने उडी टाकली, शेपटीवर आदळला आणि हवाईछत्री उघडलीच नाही. म्योल्डर्स हा लढाऊ विमानांच्या डावपेचांचा गुरू. नोव्हेंबर १९४१ मध्ये दुसऱ्या एका सेनानीच्या अंत्यसंस्काराला प्रवासी म्हणून जाताना खराब हवेत ब्रेस्लाउला विमान कोसळून गेला. मेसरश्मिट १०९ ची चाकं इतकी जवळजवळ होती की उतरताना-उडतानाच असंख्य विमानं वाकडी झाली. जर्मनांच्या नुकसानीचा मोठा हिस्सा असा, लढाईबाहेरचा आहे.

लुफ्तवाफेचं कंबरडं कुठे मोडलं असं कुणी विचारलं तर बरेच जण लंडन सांगतील. मी स्टालिनग्राड सांगेन, आणि तेही लढाऊ विमानांमुळे नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिथे वेढल्या गेलेल्या जर्मन सैन्याला हवेतून रसद पुरवायची ठरली. दिवसाला निदान ३०० टन लागत होते, सरासरी शंभरच्या आसपास पोचत होते. विमानं पुरेनात म्हणून वैमानिक-प्रशिक्षणाच्या शाळांतली युंकर्स ५२ विमानं, त्यांच्या शिक्षकांसकट, रशियाच्या बर्फात पाठवली. २४ डिसेंबरच्या पहाटे तात्सिन्स्काया विमानतळावर धुक्यातून सोव्हिएत रणगाडे धावपट्टीवर घुसले आणि विमानं वाट मिळेल तशी, एकमेकांना धडकत उडाली. त्या मोहिमेत सुमारे ४९० विमानं गेली. पत्र्याची विमानं पुन्हा बनवता आली. ढगांतून नुसत्या उपकरणांवर विमान कसं न्यायचं हे शिकवणारे मास्तर पुन्हा बनवता आले नाहीत.

पुढच्या आकड्यांत हे स्पष्ट दिसतं. १९४४ मध्ये जर्मनीने सुमारे ४०,००० विमानं बनवली. इतकी याआधी कधीच नव्हती, १९४० च्या जवळजवळ चौपट. आणि त्याच वर्षी जानेवारी ते मे या पाच महिन्यांत लढाऊ विमानांचे सव्वादोन हजारांच्या आसपास पायलट हातचे गेले. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला जितके होते जवळपास तितके सगळे. त्यांच्या जागी आलेल्या पोरांना जेमतेम ११० तासांचं शिक्षण, समोरच्या अमेरिकन पायलटला साडेतीनशेच्या आसपास. १२ मे रोजी कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले. एप्रिलमध्ये विमानांचं पेट्रोल पावणेदोन लाख टन तयार झालं होतं, सप्टेंबरमध्ये त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. शेवटी शेवटी तर इंधन वाचवायला जेट विमानं बैल जुंपून धावपट्टीपर्यंत ओढत न्यायचे. १ जानेवारी १९४५ च्या सकाळी उरलेली सगळी ताकद मित्रराष्ट्रांच्या विमानतळांवर एकदम फेकली. गुप्तता इतकी की त्यांच्याच विमानवेधी तोफांना कल्पना नव्हती, आणि काही जण स्वतःच्याच तोफांनी पडले. एका सकाळीत दोनशेहून जास्त वैमानिक मृत, बेपत्ता किंवा कैद.

जगले वाचले त्यांचंही सांगतो. हार्टमान ८ मे १९४५ ला शेवटचं उडाला, अमेरिकनांना शरण गेला, त्यांनी त्याला सोव्हिएतांच्या हवाली केलं आणि तो १९५५ मध्ये घरी आला. मधल्या काळात त्याचा मुलगा जन्मला आणि वारलाही, बापाने त्याला पाहिलं नाही. श्टाइनहोफ एप्रिल १९४५ मध्ये जेट विमानात भाजला, चेहरा कायमचा बदलला, पुढे पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. ल्युत्सोव, ज्याने लुफ्तवाफेचा प्रमुख गोरिंग याला तोंडावर सुनावलं होतं, २४ एप्रिल १९४५ ला जेट घेऊन गेला, आणि आजही बेपत्ता आहे.

आता तुमच्या फोटोचा शोध. जर्मन बाजूला प्रत्येक नुकसानीची नोंद टक्क्यांत व्हायची. शंभर टक्के म्हणजे विमान पूर्ण गेलं, साठच्या खाली असेल तर दुरुस्त होऊ शकतं. शेजारी विमानाचा कारखाना क्रमांक आणि माणसांची नावं, मृत, जखमी की बेपत्ता. बहुतांश कागद १९४५ मध्ये जर्मनांनी स्वतःच जाळले, पण नुकसानीची ही रजिस्टरं १९४३ अखेरपर्यंत चांगली टिकली आहेत. तुमचं विमान १९४० चं आहे, म्हणजे तुम्ही नशीबवान आहात. माणसाच्या गळ्यात मधोमध खाच असलेला लंबगोल धातूचा बिल्ला असायचा. मेल्यावर एक अर्धा तोडून बर्लिनच्या नोंदणी कचेरीत, दुसरा अर्धा देहासोबत. रेड क्रॉसमार्फत शत्रूकडून आलेली खबरही त्याच कचेरीत जमा व्हायची. तिथली नोंदींची कार्डं आता जर्मन संघीय अभिलेखागाराकडे आहेत. कबर शोधायची तर जर्मनीच्या युद्धस्मशान संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. इंग्लंडमध्ये मेलेल्यांपैकी अनेक जण माझ्या घराजवळच कॅनक चेस इथल्या दफनभूमीत आहेत. १९६७ मध्ये ती तयार झाली आणि तिथे दोन्ही महायुद्धांतले मिळून पाच हजारांच्या आसपास जर्मन पुरले आहेत.

म्हणून आधी भिंग घ्या आणि फोटोत विमानाच्या अंगावरचा काळा क्रॉस शोधा. बाँबर असेल तर क्रॉसच्या डावीकडे दोन चिन्हं असतील, ती तुकडीची. 'एफ१' म्हणजे ७६ वी, 'ए१' म्हणजे ५३ वी, कॉसफर्डच्या डॉर्नियरवरचं '५के' म्हणजे ३ री. उजवीकडचं पहिलं अक्षर त्या एका विमानाचं, दुसरं त्याच्या उपतुकडीचं. एकच आकडा दिसत असेल तर ते एका माणसाचं लढाऊ विमान आहे, मग शोध जरा अवघड पण अशक्य नाही. मासिकाच्या अंकाची तारीख आणि फोटोखालची ओळही जशीच्या तशी उतरवून घ्या. सेन्सॉरमुळे गावाचं नाव नसेल, 'आग्नेय इंग्लंडमध्ये कुठेतरी' एवढंच असेल, तरी चालेल. फोटोचा फोटो काढून इथे उत्तराखाली टाका. पुढच्या वेळी क्यूला जाईन तेव्हा अहवालांत शोधून बघतो.