उशीखालचा फोन

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी 20 वर्षांची आहे, पुण्यात होस्टेलला राहते. तो माझ्याच वर्गातला. गेल्या वर्षी त्याला डिप्रेशनचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. हे फक्त मला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला माहीत आहे. 10 दिवसांपूर्वी त्याने गोळ्या बंद केल्या. म्हणाला, 'तू आहेस ना, मग गोळ्या कशाला?' मला इतका आनंद झाला की मी रडले. आता तो कॉलेजला येत नाही, मेसेजचं उत्तर रात्री दोनला देतो. मी फोन उशीखाली ठेवून झोपते. कुणाला सांगायचं नाही अशी त्याने शपथ घातली आहे. 'ऑल द ब्राइट प्लेसेस' मी तीनदा वाचलं. 'टर्टल्स ऑल द वे डाउन' अर्धवट सोडलं, त्यात प्रेम पुढे सरकतच नाही. माझं प्रेम कमी पडतंय का?" – जागी

जागी,

नाही. तुझं प्रेम कमी पडत नाहीये. हे आधी सांगते, कारण हे उत्तरही तू रात्रीच वाचत असशील.

तो तसं म्हणाला तेव्हा तुला आनंद झाला, याची लाज वाटून घेऊ नकोस. विसाव्या वर्षी कुणालाही झाला असता. पण त्या एका वाक्याने औषधाचं काम तुझ्या अंगावर आलं आणि तू ते घेतलंस. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टर त्या पुढे काही महिने चालू ठेवायला सांगतात. नेमकं बरं वाटायला लागलं की माणसाला वाटतं, आता काय गरज! मग अचानक सोडल्या की कुणाला चक्कर येते, कुणाची झोप उडते, चिडचिड होते, आणि दुखणं उलटूही शकतं. तेव्हा तो कॉलेजला का येत नाही याचं कारण तुझ्या मेसेजमध्ये शोधत बसू नकोस. आधी त्या बंद गोळ्यांकडे बघ.

आता पुस्तकं. ती वाचू नकोस असं मी म्हणणार नाही. घरात ज्या आजाराचं नावसुद्धा कुणी घेत नाही, त्याबद्दल तुला पहिल्यांदा या पुस्तकांनी सांगितलं असेल. जेनिफर निवेन यांच्या 'ऑल द ब्राइट प्लेसेस' या 2015 च्या कादंबरीने मलाही रडवलं. बहीण गमावलेल्या व्हायोलेटला फिंच पुन्हा जगात आणतो आणि स्वतः मात्र जीव देतो. पुस्तक मिटताना मनात एकच राहतं, व्हायोलेटने थोडं आधी ओळखलं असतं तर? दुसऱ्यांदा वाचताना मी त्यातली मोठी माणसं बघत गेले. वडील हात उगारणारे. आई आपल्याच दुःखात. शाळेतला समुपदेशक बायपोलरचा, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी आणणाऱ्या आजाराचा विषय काढतो, पण फिंचला ते लेबल नको असतं, आणि गाडी तिथेच थांबते. धड उपचार असे होतच नाहीत. सगळा भार एका शाळकरी मुलीवर. तू तीनदा वाचलंस आणि तिन्ही वेळा व्हायोलेटच्या जागी उभी राहिलीस, म्हणून तुला तो भार आपलाच वाटायला लागला.

आणि जे अर्धवट सोडलंस, ते आज तुझ्या जास्त कामाचं आहे. जॉन ग्रीन यांना स्वतःला ओसीडी आहे, आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो. त्यांच्या 2017 च्या या कादंबरीतली एझा अंगठ्याचं नख बोटाच्या टोकात रुतवून तीच जखम पुन्हापुन्हा उघडते, पुसते, नवी पट्टी लावते. तिचा मित्र डेव्हिस तिचं चुंबन घेतो तेव्हा तिच्या डोक्यात काय चालू असतं? याचे जंतू आता माझ्या तोंडात आले. डेव्हिस समंजस आहे, हळवा आहे, तिला घाई करत नाही. तो याहून दहापट चांगला असता तरी ते जंतू तिच्या डोक्यातून गेले नसते. एझाही गोळ्या नेमाने घेत नाही. 'मी' व्हायला मला गोळी लागत असेल तर मग 'मी' कोण, हा तिचा प्रश्न. तुझ्या मित्रालाही कदाचित हेच टोचत असेल. त्याला विचार. पुढे एझा फार आजारी पडते, आणि तिला सावरायला आई असते, डॉक्टर असतात, डेझीसारखी मैत्रीण असते. प्रेम पुढे सरकत नाही म्हणून जिथे पुस्तक मिटलंस, तिथूनच पुढे वाच.

पण त्याआधी हे कर.

त्याला सरळ विचार, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने असा विचार डोक्यात भरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, त्याच क्षणी बहिणीला फोन लाव. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तू स्वतःसाठीही तिथे फोन करू शकतेस.

तो नाही म्हणाला तरी बहिणीला सांगायचंच. शपथ मोडायची. चोरून नको, आधी त्याला सांग, "मी आज ताईशी बोलणार आहे. तू रागावलास तरी चालेल." आणि ताईला एवढंच, "10 दिवसांपासून गोळ्या बंद आहेत, तो कॉलेजला येत नाहीये, त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं." तुमचं काय नातं आहे, हे आज सांगायची गरज नाही. गोळ्या परत कशा सुरू करायच्या ते डॉक्टर ठरवतील. तू किंवा तो नाही.

तो चिडेल. कदाचित आठवडाभर बोलणार नाही. माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात मी आईला सगळं सांगून टाकलं, तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. ताटात वाढलेली पोळी माझ्या हातची आहे म्हणून सरकवून द्यायचा. तो महिना फार वाईट गेला. पण त्याच महिन्यात त्याचे उपचार सुरू झाले.

बहिणीशी बोलून झालं की तिला सांग, "रात्री काही वाटलं तर त्याने तुम्हाला फोन करावा असं ठरवूया." मग तुझा फोन टेबलावर ठेव, उशीखाली नको. पुढच्या आठवड्यात मला दोनच ओळी लिही. ताई काय म्हणाली आणि तू किती तास झोपलीस.

तुझी,
ताई