वर्ल्ड ऑफ टँक्स या ऑनलाइन गेममध्ये क्रॉमवेल हा ब्रिटिश टँक इतका वेगवान असूनही दोन मिनिटांत फुटतो. तो कसा खेळावा, आणि त्याच्यानंतरचा कॉमेट टँक पुढे घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सहाव्या टियरचा (म्हणजे पातळीचा) क्रॉमवेल घेतला, ताशी ६४ किलोमीटर पळतो, आणि तरी बहुतेक लढायांत तुमच्या बाजूने पहिले तुम्हीच बाद होता. तुम्ही धुळ्याचे, मी भुसावळचा, म्हणून आपल्याकडच्या नेटचं आणि उन्हाचंही सांगतो. या टँकला त्या दोन्हीचा फार फरक पडतो.

तुमचा सगळा वेग पहिल्याच मिनिटात खर्च होतोय, मूळ अडचण ही आहे. काउंटडाऊन संपला की क्रॉमवेलवाला सुसाट सुटतो आणि सगळ्यांच्या आधी मैदानाच्या मधोमध पोचतो. तिथे समोरच्यांच्या पंधराही तोफा शाबूत असतात, आपले हेवी (जाड चिलखताचे जड टँक) अजून मागे रांगत असतात, आणि क्रॉमवेलच्या धडाचं चिलखत समोरूनही ६४ मिलिमीटरच. आठव्या टियरवाल्यांची लढाई लागली तर दोन-तीन गोळ्यांत खेळ खलास. शिवाय लाइट टँक पळतानाही उभ्याइतकाच लपलेला राहतो. क्रॉमवेल मीडियम म्हणजे मध्यम वजनाचा, त्याला ती सवलत नाही. तुम्ही उघड्यावर धावलात की लांबूनच दिसलात.

म्हणून सुरुवातीला अशी जागा धरा जिथून दोन्हीकडे जाता येईल. प्रोखोरोव्का या मैदानावर (मॅपवर) मी रेल्वेच्या भरावाजवळ थांबतो: पलीकडच्या टेकडीवर गरज पडली तर तिकडे, मैदान मोकळं झालं तर इकडे. झुडपाआडून मारायचं असेल तर झुडपापासून १५ मीटर मागे सरकून मारा, म्हणजे गोळी झाडल्यावरही त्याची आड टिकते. पडद्यावर डोक्यावरचा दिवा, म्हणजे शत्रूला तुम्ही दिसल्याची खूण, पेटला की जागा सोडायची. तो दिवा तुम्ही दिसल्यानंतर ३ सेकंदांनी पेटतो, म्हणजे एखादी तोफ तोवर तुमच्याकडे वळलेली असते. ‘अजून एकच गोळी’ म्हणून थांबू नका.

मग मिनीमॅप, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा. क्रॉमवेल चालवताना माझी नजर समोरच्या टँकइतकीच मिनीमॅपवर असते. शत्रूची एखादी बाजू तीन-चार टँक फुटून पातळ झाली की तुमची वेळ आली. त्या फटीतून मागे शिरा, आर्टिलरी शोधा, हेवींच्या पाठीत मारा. कबड्डीत चढाईला गेलेला गडी परतीची रेघ जशी डोळ्यांसमोर ठेवतो, तशी निघायची वाट आत शिरण्याआधीच ठरलेली हवी. अशा वेळी ६४चा वेग सोन्यासारखा उपयोगी पडतो, कारण समोरच्याला तोफ फिरवायलाच सवड मिळत नाही.

एक उदाहरण नीट सांगतो. कोपऱ्यापलीकडे केव्ही-२ हा सोव्हिएत हेवी टँक उभा आहे. त्याची १५२ मिलिमीटरची तोफ एका गोळ्यात क्रॉमवेल उडवते, पण तिला पुन्हा भरायला फार वेळ लागतो आणि टरेट (तोफेचा फिरता बुरूज) अतिशय सावकाश फिरतो. कोपऱ्यातून टँकचं नाक जेमतेम दाखवा आणि लगेच मागे घ्या. तो घाईने मारतो आणि गोळा भिंतीला जातो. आता निघा, आणि सरळ त्याच्या तोंडावर न जाता टरेट वळलाय त्याच्या उलट बाजूने वळसा घ्या. मागे पोचल्यावर क्षणभर थांबून मारा, कारण पळता पळता मारलं की निशाण्याचं वर्तुळ फुगतं आणि एवढ्या जवळूनही गोळी वाया जाते. तो वळू लागला तर ट्रॅकच्या टोकाच्या चाकावर एक गोळी. ट्रॅक तुटला की जागीच बसला. एका गोळीला नुकसान १३५च्या आसपास, म्हणजे बऱ्याच गोळ्या लागतात. त्याची तोफ पुन्हा भरत आली की आडोसा गाठायचा आणि पुन्हा तेच. बरोबर पलटणीत कुणी असेल तर निम्मं काम सोपं होतं. माझा अमळनेरचा दोस्त हेडफोनवर ‘मांगे ये, मांगे ये’ ओरडतो तेव्हा मी कारण विचारत बसत नाही.

खऱ्या क्रॉमवेलचं युद्धातही असंच झालं होतं. त्याचं मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाचं मर्लिन, सुपरचार्जर काढलेलं, सुमारे ६०० अश्वशक्तीचं. पण जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरल्यावर समोर झाडाझुडपांचे उंच बांध आणि अरुंद रस्ते, तिथे वेगाचं काय करणार? १३ जूनला व्हिलेर-बोकाज गावात जर्मनांच्या टायगर टँकनी ब्रिटिशांच्या ७व्या आर्मर्ड डिव्हिजनचे बरेच क्रॉमवेल उडवले. ऑगस्टअखेर जर्मन फळी मोडली आणि तोच टँक मैदान मारू लागला. ३ सप्टेंबरला वेल्श गार्ड्सचे क्रॉमवेल ब्रसेल्समध्ये शिरले. मला हा टँक आवडतो तो या इतिहासासाठीसुद्धा. गेममध्ये आपण लावतो ती व्हिकर्सची ७५ मिलिमीटर एचव्ही (जास्त वेगाने गोळा सोडणारी) तोफ खऱ्या क्रॉमवेलच्या टरेटमध्ये बसलीच नाही. गेममध्ये ती मिळते आणि १४५ मिलिमीटर भेदते, तेव्हा संशोधनात ती आधी उघडा.

आता आपल्याकडचं. एशिया सर्व्हरचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला नेटला लागणारा वेळ) इथून स्थिर राहिलं तर खेळता येतं, पण मध्येच उसळी मारली की ६४च्या वेगातला टँक पडद्यावर एका जागी आणि सर्व्हरवर भलत्याच जागी असतो. अशा रात्री वळसे घालू नका, लांबून झुडपाआडून खेळा. वायफायऐवजी केबल लावा, आणि लाइट जाते तेव्हा राउटरही इन्व्हर्टरवर चालेल असं बघा. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की दुपारी लॅपटॉप तापतो, फ्रेम गळतात आणि नेमका वळसा घेताना चित्र अडकतं. सावल्या कमी करा, स्नायपर मोडमधलं गवत बंद करा. मी उन्हाळ्यात रात्री गच्चीवर थंडावा आल्यावरच खेळायला बसतो.

कॉमेट जरूर घ्या. त्याची ७७ मिलिमीटरची तोफ त्याच व्हिकर्सच्या तोफेतून घडलेली, आणि ती फार भरवशाची वाटते. मात्र तो क्रॉमवेलपेक्षा सावकाश आहे आणि सातव्या टियरला समोर नवव्याचे टँकही येतात. त्यामुळे मिनीमॅप बघून बाजू बदलायची सवय क्रॉमवेलवर पक्की झाल्यावरच पुढे जा, आणि कॉमेट घेतला तरी क्रॉमवेल विकू नका.