नागीण सुकली, आग का थांबत नाही?

प्रश्न : आईला (वय ६८) चार महिन्यांपूर्वी बरगडीवर नागीण उठली होती. खपल्या पडल्या, पण आग होते, मधूनच सुई टोचल्यासारखी कळ येते. पदर घासला तरी कळवळते. गुडघ्यासाठी घेते ती डायक्लोफेनॅकची गोळी दिली, गुण नाही. डोस वाढवावा का?

उत्तर : वाढवू नका. या वयात जठर आणि मूत्रपिंडं बिघडतील, आग तशीच राहील. गुडघ्यात सूज असते, ती ही गोळी उतरवते. नागिणीचा विषाणू मात्र मज्जातंतूलाच इजा करून जातो; कातडी भरून आली तरी तो तंतू विनाकारण कळा पाठवत राहतो. कापसाचा बोळा आधी चांगल्या बाजूवरून, मग दुखऱ्या बाजूवरून अलगद फिरवा. एकीकडे नुसता स्पर्श, दुसरीकडे आग असं झालं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अशा दुखण्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा रात्री अगदी कमी मात्रेत, बहुधा १० मिलिग्रॅम, अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. यातलं शेवटचं औषध खरं तर नैराश्यावरचं आहे. चिठ्ठी वाचून घाबरू नका, इथे ते तंतूसाठी असतं. काचबिंदू, हृदयाचे ठोके अनियमित असणं किंवा लघवी अडणं यांपैकी काही असेल तर आधीच सांगा. पहिल्या दोन प्रकारच्या गोळ्यांची मात्रा मूत्रपिंडाच्या कामावर ठरते, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

घोळ होतो तो पहिल्या आठवड्यात. गुंगी येते, तोल जातो, आराम मात्र दिसत नाही, आणि गोळी बंद केली जाते. मात्रा हळूहळू वाढवत नेऊन गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. गोळ्या एकदम तोडू नका. जागा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी दिली असेल तर ती अखंड कातडीवरच लावायची, २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास.

प्रश्न : शेजाऱ्यांना कालच नागिणीचे फोड आलेत. काव लावताहेत. विळखा पुरा झाला की माणूस दगावतो का?

उत्तर : नाही. तंतू पाठीपासून पुढे मध्यरेषेपर्यंतच येतो, त्यामुळे पुरळ सहसा एकाच बाजूला थांबतं. काव लावल्याने फोड चिघळतात. आजच डॉक्टर गाठा : विषाणूवरची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी. अ‍ॅसायक्लोव्हिर असेल तर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे.