'ज्ञान हस्तांतरण' म्हणावं का?

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना एका ताईंना चार विभागांची नावं अडली आहेत. त्यांचा मसुदा असा: 'बिनतारी संचार' (वायरलेस कम्युनिकेशन), 'पदार्थविज्ञान' (मटेरियल्स सायन्स), 'महासागरी हवामान' (ओशन क्लायमेट) आणि 'ज्ञान हस्तांतरण' (नॉलेज ट्रान्सफर). शेवटचं नाव कानाला खटकतं, पण का ते सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं आहे.

ताई, तुमचा कान बरोबर आहे. आधी तेच घेते, कारण बाकीचे तीन शब्द त्यामानाने सरळ आहेत.

'हस्तांतरण' हा शब्द आपल्याकडे राबतो तो जमीनजुमल्यात. १८८२ चा कायदा मराठीत 'मालमत्ता हस्तांतरण अधिनियम' म्हणून ओळखला जातो. माझ्या आत्याने भावांच्या नावे हक्कसोडपत्र केलं, फेरफार मंजूर झाला आणि नवा सातबारा हातात आला. त्यावर आत्याचं नाव होतं, पण कंसात. तलाठ्याच्या भाषेत 'नावाला कंस पडला'. ती तेवढ्या दोन वाकड्या रेघांवरून बोट फिरवत बसली होती, ते मला अजून दिसतं. हस्तांतरणाचा अर्थ त्या कंसात आहे. एका हातातून सुटल्याशिवाय दुसऱ्या हातात जात नाही, आणि ज्याच्या हातातून सुटलं त्याचा संबंध संपतो.

ज्ञानाचं तसं होत नाही. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) १९८० च्या दशकात 'एन्सिलाइट' नावाचा उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, तयार झाला (एनसीएल हे नाव त्यात ऐकू येतंच). तो झिओलाइट जातीचा, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या जाळीसारखा असतो. झायलीन या रसायनाच्या एका प्रकाराचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायला तो बडोद्याच्या कारखान्यात वापरला गेला. कृती तिकडे गेली म्हणून पाषाणमधल्या माणसांच्या डोक्यातून ती पुसली गेली नाही. कोणाच्याच नावाला कंस पडला नाही. उलट मोठ्या भट्टीत उत्प्रेरक कसा वागतो हे कळलं की प्रयोगशाळेचंच ज्ञान वाढतं.

एक फरक मात्र जपायला हवा. एखाद्या शोधाच्या पेटंटची मालकी संस्थेने कंपनीला देऊन टाकली, तर तिथे 'हस्तांतरण' चपखल आहे. तिथे हक्क खरोखर हात बदलतो. माहितीपत्रकात असा मजकूर असेल तर 'पेटंट हक्कांचे हस्तांतरण' खुशाल लिहा. पण विभागाचं काम लोकांना शिकवणं, प्रयोगशाळेतलं कसब कारखान्यापर्यंत आणि शेतापर्यंत पोचवणं हे असेल, तर माझं मत 'ज्ञानसंक्रमण' या शब्दाला.

हा शब्द मी आज घडवलेला नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो की श्रेष्ठ कोण. तेव्हा परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, म्हणते, कोणाची कला स्वतःच्या ठायी उत्तम असते, तर कोणाची 'संक्रान्ति' विशेष असते, म्हणजे ती शिष्यात उतरवण्याचं कौशल्य. दोन्ही ज्याच्यापाशी आहे त्याला शिक्षकांच्या अग्रभागी बसवावं. 'नॉलेज ट्रान्सफर'चं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही, आणि त्यासाठी कालिदासाने याच क्रियाधातूचा शब्द वापरला आहे.

कोणी म्हणेल, मकरसंक्रांतीला सूर्य धनू रास सोडतोच की! खरं आहे. पण संस्कृतात आरशात किंवा रत्नात प्रतिबिंब उमटतं त्यालाही 'संक्रान्त' म्हणतात. तिथे चेहरा जागचा हलत नाही आणि आरशातही उमटतो. ज्ञानासाठी मला अभिप्रेत आहे ती ही छटा.

दुसरी शंका रोगाची. 'संक्रमण' म्हणजे जंतुसंसर्ग हा अर्थ हिंदीचा, आणि करोनाच्या काळात हिंदी वाहिन्यांवरून तो आपल्याकडे फार आला. मराठीत त्यासाठी 'संसर्ग' आहे, 'लागण' आहे. आपला 'संक्रमणकाळ' त्याच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे. हिंदीतल्या अर्थाच्या धाकाने आपण आपला शब्द टाकून द्यावा, हे मला पटत नाही.

'बिनतारी संचार'मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने झाली आहे. हिंदीत 'संचार' म्हणजे संदेशांची देवघेव, मराठीत संचार म्हणजे हिंडणं-फिरणं. म्हणून तर 'संचारबंदी' म्हटल्यावर मोबाइल बंद पडत नाहीत, रस्ते ओस पडतात. 'दूरसंचार' रुळला, तो राहू द्या, पण इथे 'बिनतारी संदेशवहन' करा. 'बिनतारी' मात्र अजिबात बदलू नका. 'बिनचूक', 'बिनविरोध', 'बिनशर्त' यांच्या पंगतीतला तो अस्सल शब्द आहे. पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागामुळे तो कानावरही असतो. तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, 'बिनतारी' टिकला.

'पदार्थविज्ञान' नको, कारण जुन्या पुस्तकांत ते फिजिक्सचं नाव आहे. 'द्रव्यविज्ञान' घ्या. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या मांडणीत 'पदार्थ' हा मोठा वर्ग आहे आणि 'द्रव्य' हा त्यातला एक भाग, म्हणजे गुण आणि कर्म ज्याच्या आधाराने राहतात ते. धातू, चिनीमाती, बहुवारिकं (पॉलिमर) यांच्या अभ्यासाला हे नेमकं बसतं.

राहिलं 'हवामान'. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या चौकाला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो. त्या खात्याच्या नावातला 'हवामान' म्हणजे आज-उद्याचा पाऊस, आणि 'हवामान बदल'मधला 'हवामान' म्हणजे निदान तीस वर्षांची सरासरी. एकाच शब्दावर दोन ओझी आहेत. हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला की आपल्या मॉन्सूनला सहसा बळ मिळतं. १९९७ साली एल निनो, म्हणजे मॉन्सूनला सहसा मारक ठरणारं प्रशांत महासागराचं तापणं, जोरात असूनही पाऊस सरासरीला धरून झाला, त्यात हिंदी महासागराच्या या तापण्याचा हात मानतात. इतक्या संथ, दीर्घ हालचालींना 'हवामान' म्हटलं की वाचकाला छत्री आठवते. म्हणून परिभाषेतला 'जलवायुमान' वापरा: 'महासागरी जलवायुमान'. शब्द थोडा जड आहे, कबूल. पण 'इथलं हवापाणी मानवलं' असं आपण म्हणतो ना, त्यातलं 'हवापाणी' म्हणजे हेच, एखाद्या जागेचा मुरलेला स्वभाव. पहिल्यांदा जिथे 'जलवायुमान' येईल तिथे 'म्हणजे समुद्राचं हवापाणी' एवढं जोडून द्या. पुढे तो शब्द एकटा चालेल.