सिगारेट सोडण्यासाठी व्हेप ओढू का?

प्रश्न : मी ४४ वर्षांचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. वीस वर्षं सिगारेट ओढतोय, सध्या दिवसाला पंधरा. इंग्लंडचा मेहुणा व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आला आणि त्याची सिगारेट सुटली. जाताना ते मला देऊन गेला. दोन आठवडे मी दोन्ही ओढतोय. लिक्विड संपत आलंय, इथला एक मुलगा आणून देतो म्हणतो. घेऊ का? महिनाभर सकाळी खोकला येतोय, तो सिगारेटचाच असणार.

उत्तर : आधी खोकल्याचं बघू. दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला 'सिगारेटचा' म्हणून सोडून द्यायचा नसतो. उद्याच सिव्हिलला जाऊन बेडका तपासा, छातीचा एक्स-रे काढा. कदाचित यार्डातल्या धुरळ्याचा असेल, पण ते तपासल्यावर म्हणायचं.

मेहुणे खोटं बोलले नाहीत. सिगारेटमध्ये तंबाखू जळते, त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातो. व्हेपमध्ये काही जळत नाही, निकोटिनचं द्रव तापून त्याची वाफ होते. त्यामुळे अपाय सिगारेटपेक्षा कमी, पण निर्धोक मात्र नाही. तिकडे एका मिलीलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन घालायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो मुलगा आणेल त्या बाटलीत काय आहे, हे त्यालाही माहीत नसणार. घेऊ नका.

आणि दोन्ही ओढणं हा मला सगळ्यात वाईट भाग वाटतो. पंधराच्या पाच केल्या तरी हृदय तेवढ्यावर सुटत नाही, दिवसाची एक सिगारेटही त्याला महाग पडते.

औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगम मिळतं. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय, ४ चं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटवत असाल तर तुम्हाला ४ चं लागेल. माझे निम्मे पेशंट ते चुकीचं खातात. साध्या च्युइंगमसारखं चावत सुटतात, मग उचक्या लागतात, पोटात जळजळ होते, आणि 'हे काही आपल्याला मानवत नाही' म्हणून परत पाकीट. सावकाश चावा. जिभेला तिखट चव लागली, झिणझिण्या आल्या की थांबा आणि तंबाखूची चिमूट धरतात तसं गालात दाबून धरा. चव गेली की पुन्हा चावा, जागा बदला. अर्धा तास असं चालू द्या. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट भिनत नाही. यार्डात तासातासाला चहा येतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

माझे वडील विडी ओढायचे. सदऱ्याचा डावा खिसा ठिणग्यांनी भोकं पडलेला असायचा. सोडली तेव्हा पहिले तीन दिवस त्यांचा हात सारखा त्या खिशाकडे जायचा, बंडल नाही हे माहीत असूनही. आईने त्यात लवंगांची पुडी ठेवली होती. चौथ्या-पाचव्या दिवसापासून जरा सुसह्य झालं, पण हात खिशाकडे जाणं महिनाभर चाललं. तल्लफ निकोटिनची असते तशी हाताचीही असते. च्युइंगम पहिलीला पुरतं, दुसरीसाठी खिशात काहीतरी ठेवा.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा नंबर तुमच्याच पाकिटावर छापलेला आहे, फोन फुकट लागतो. रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा ४ मिलिग्रॅमची चिठ्ठीही मागून घ्या.