उशाशी ठेवलेलं गणिताचं पुस्तक

'मावशी, मी इंदूरच्या एका खासगी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. मेमध्ये शाळा बंद झाली, आता जूनच्या मध्याला उघडेल. पुस्तकं बदलल्यापासून जुन्या वह्या निरुपयोगी झाल्यात, म्हणून दर सुट्टीत ठरवते की वर्षभराची टिपणं काढून ठेवायची. पण सासूबाईंच्या कुरडया, सांडगे, पापड असतात. पुण्याहून नणंद मुलांना घेऊन येते. "तुला सुट्टीच आहे ना" असं सगळे म्हणतात. दुपारी आडवी झाले तर अपराधी वाटतं, पुस्तक उघडलं तर रडू येतं. गेल्या वर्षी शाळा उघडायच्या आदल्या रात्री दोनपर्यंत बसले होते. यंदाही तसंच होणार का?'
— राजेंद्रनगरमधली एक बाई

बाई, वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. तुझ्या पत्रात वाळवणाचं आणि पाहुण्यांचं सविस्तर आलंय, झोपेला मात्र अर्धी ओळ. त्यातही झोप लागल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

तयारीमुळे तुझी विश्रांती जाते असं तुला वाटतं. मला तसं दिसत नाही. तू तयारी करतच नाहीयेस, नुसती तिची काळजी करतेयस, तीही दीड महिना. आणि विश्रांती घरातले नेताहेत, 'सुट्टीच आहे ना' म्हणत.

आधी तयारीचं बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकाला आठवड्याला किमान ४५ तास काम सांगितलंय, आणि त्या ४५ तासांत तयारीचे तासही धरलेत. म्हणजे तयारी हे काम आहे हे सरकारनेही मानलंय. मग ते काम असेल तर त्याला सुरू होण्याची वेळ हवी आणि संपण्याचीही. तू ते चोवीस तास उशाशी घेऊन झोपतेस.

वर्षभराची टिपणं काढायचा हट्ट तर आजच सोड. मीही एका उन्हाळ्यात तीन जाड वह्या भरल्या होत्या, लाल-निळ्या शाईत, समासासकट. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला दुसरीच इयत्ता दिली. त्या वह्यांची पाठकोरी पानं धोब्याच्या हिशोबाला वापरली.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्रातल्या कितीतरी बाईंना आजवर मिळाली नाही. त्यांचं वर्ष जूनमध्ये अनोळखी चेहऱ्यांपुढे सुरू व्हायचं. आपल्याकडे मध्य प्रदेशात सत्र एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे या वर्षीची पोरं तुला महिनाभर भेटलीत. ती कुठे अडतात ते तुला ठाऊक आहे. 'गणित प्रकाश' हे एनसीईआरटीचं नवं पाठ्यपुस्तक सहावीला २०२४ मध्ये आलं, सातवीला २०२५ मध्ये. पुस्तक नवं असलं तरी चुका जुन्याच. कोनमापकाच्या दोन आकड्यांपैकी कुठला वाचायचा, कंसाआधी उणे चिन्ह असेल तर आतल्या चिन्हांचं काय करायचं. विसरायच्या आत हे एका कागदावर उतरव. तासाभराचं काम. त्या कागदावर जेवढं येईल तेवढीच तुझी सुट्टीतली तयारी. बाकीचे धडे ऑगस्ट-सप्टेंबरचे, ते तेव्हा बघता येतील.

मग २५ मेपर्यंत शाळा हा शब्दसुद्धा नको. त्यानंतर दहा दिवस, सकाळी साडेसहा ते आठ. आपल्या माळव्यात रात्री उतरलेला गारवा तेवढा वेळ टिकतो, आणि घरात पोह्यांची फोडणी पडायच्या आत तू उठलेली असशील. आठ वाजले की वाक्य अर्धं राहिलं तरी वही बंद. एका संध्याकाळी खजुरी बाजारात जाऊन वह्या-खडूंची खरेदी उरकून टाक, येताना सराफ्यात शिकंजी पी. नवऱ्यालाही ने, पिशव्या धरायला.

शाळेने ऑनलाइन प्रशिक्षण गळ्यात मारलं असेल तर तेही याच दहा दिवसांत बसव. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तास म्हटलंय. ते वर्षाकाठी आहेत, मे महिन्याकाठी नव्हेत.

आता अवघड भाग. सासूबाईंशी बोलावं लागेल, आणि ते नवऱ्याने नाही, तू बोलायचंस. वाळवण बंद करा असं म्हणू नकोस, त्यांचा जीव त्यात आहे. असं म्हण, 'आई, गहू भिजवायचे कधी ते तुम्ही ठरवा, चीक शिजवायला मी उभी राहते. पण एक ते चार मी दार लावून झोपणार.' पहिले दोन-तीन दिवस फुरंगटतील. चौथ्या दिवशी त्याही त्या वेळात आडव्या होतील, कारण उन्हात गच्चीवर चढून त्यांचेही गुडघे दुखतच असतात.

नणंदेला माहेरी आराम हवाच, तो तिचा हक्क. पण तिची मुलं मोठी असतील तर गच्चीवरचे कावळे हाकायला आणि संध्याकाळी पापड गोळा करायला त्यांना बसव. त्यांच्यावर कोनमापकाचे प्रयोग मात्र करू नकोस. गणिताच्या मामीकडे पुढच्या वर्षी कोणी येणार नाही.

आणि दुपारी झोप लागली नाही तरी चालेल. नुसती पंख्याखाली पडून राहा. वर्षभर पाच-पाच तास सलग बोललेल्या घशालाही तेवढा वेळ गप्प बसायला मिळतं.

पत्र वाचून झालं की ते पुस्तक उशाशी नको, कपाटात ठेव, साड्यांच्या खाली. २५ मेला काढ.