वेलीआधी गिऱ्हाईक

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चिखलीजवळ पाच एकर ओलिताचं वावर, कृषीची पदवी आणि डोक्यात वाइनची द्राक्षं, एवढं तुझ्या पत्रातून कळलं. सोयाबीन-तुरीच्या पलीकडे काही करावं वाटणं रास्तच आहे. पण रोपं कुठून आणायची, हे तू आधी विचारलंस. त्याच्या आधीचा प्रश्न आहे तो माल घेणार कोण याचा.

खायच्या द्राक्षाचं बिनसलं तर बाजार समिती आहे, हातगाडीवाला आहे, शेवटी बेदाणा आहे. वाइनच्या द्राक्षाला यातलं काहीच नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया; बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. महाराष्ट्रानं 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि पुष्कळांनी हौसेनं बागा लावल्या. 2008 च्या मंदीनंतर खप बसला, वायनरींनी उचल कमी केली. द्राक्षात मुरलेल्या लोकांनीसुद्धा तेव्हा वाइनच्या बागा उपटल्या, नाहीतर त्याच खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या वेलीवर, खायच्या जातीची कलमं भरली. म्हणून खरेदीचा लेखी करार हातात आल्याशिवाय खड्डे खोदू नकोस. करार निदान पाच हंगामांचा हवा. गोडीची खालची आणि वरची मर्यादा त्यात लिहिलेली हवी. तोडणीची तारीख कोण ठरवणार, वजन बांधावर धरायचं की वायनरीच्या काट्यावर, पैसे किती दिवसांत, आणि पाऊस येऊन मणी तडकले तर माल कोणत्या भावानं घेणार, हे सगळं कागदावर पाहिजे. तोडणीची तारीख वायनरी ठरवते आणि वजन तिच्या काट्यावर होतं, तेव्हा आठ दिवस लांबलेली तोडणी तुझ्या वजनातून जाते. मणी सुकत जातो, गोडी वाढते, किलो घटतात. त्यासाठी वरची मर्यादा ओलांडली तर भाव कसा, ही ओळ मागून घे.

आता जमीन. तुझं वावर घाटावर आहे हे बरं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातला खाऱ्या पाण्याचा खारपाणपट्टा असता तर हे पत्र इथंच संपलं असतं. तरी घाटावरही भारी काळी जमीन द्राक्षाला नको. ती पावसाळ्यात पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते, दोन्ही वेळा मुळ्या मरतात. दीड-दोन फूट माती आणि खाली मुरूम, असा उताराचा तुकडा शोध. तीन फूट खोल खड्डा घे, पाण्यानं भर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर तो तुकडा सोड. मातीचे नमुने फुटाफुटाच्या थरानं वेगळे घे. सामू (पीएच), क्षारता, मुक्त चुनखडी, सोडियम आणि पालाश (पोटॅश) तपासून घे. चुनखडी जास्त निघाली तर लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. म्हणून डॉगरिज की 110 आर, हा खुंटाचा निर्णय या अहवालानंतरच. माझा कल 110 आर कडे आहे. डॉगरिज क्षाराला चांगला, पण वेलीचा जोर इतका वाढवतो की पानांच्या गर्दीत घड झाकले जातात.

पाण्याचा हिशेब एप्रिल-मेचा कर, डिसेंबरचा नको. आपल्याकडे मे महिन्यात दिवसाला 12 मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं. त्या काळात वाढत्या बागेला ठिबकनं एकरी 16 ते 20 हजार लिटर रोज लागतं. साठ दिवसांचे झाले 10 ते 12 लाख लिटर. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात जेमतेम 22 लाख लिटर मावतं, आणि त्यातलं बरंचसं ऊन पिऊन टाकतं. म्हणजे अस्तर घातलेलं एक तळं एका एकरापुरतं धर. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावात द्राक्ष उभं राहिलं ते पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांवर. तुझ्यापासून ते लांब नाही; मे महिन्यात जाऊन बघ. फेब्रुवारीत कोणतीही बाग देखणी दिसते.

सगळ्यात अवघड गोष्ट आहे ती छाटणीची तारीख, आणि याच बाबतीत नाशिकचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून चालणार नाही. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही थंड असतात, घड पिकायला उत्तम. पण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन झपाट्यानं चढतं आणि गारपीटही त्याच सुमाराला येते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झालं ते तुझ्या घरचे सांगतील. तेव्हा माल फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वेलीवरून उतरलाच पाहिजे. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ अशा पांढऱ्या जातींना फळछाटणीपासून, म्हणजे घड धरायला केलेल्या छाटणीपासून, साधारण 120 ते 130 दिवस लागतात. मागं मोजत गेलं की छाटणी येते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि तेव्हा आपल्याकडचा पाऊस नुकता निघालेला असतो, कधी निघालेलाही नसतो. कोवळ्या फुटीवर तीन-चार पानांपासून फळधारणेपर्यंत पाऊस पडला की डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, घड जाळतो. एकीकडे डाऊनी, दुसरीकडे गारा. यात मी डाऊनीचा धोका पत्करायला सांगेन, कारण त्याला फवारणीनं रोखता येतं. मात्र पंप, औषध आणि माणूस छाटणीच्या दिवशी तयार हवा. रात्री पाऊस झाला तर सकाळी वावरात चाक रुतेल, हे धरून पाठीवरचे पंपही ठेव. कॅबर्ने सोव्हिन्योचं नाव मोठं, पण तिला जास्त दिवस लागतात. आपल्या मार्चच्या उन्हात तिला नेऊ नकोस. लाल हवीच असेल तर शिराझ, तीही थोडी.

एक धोक्याची सूचना. फूट एकसारखी निघावी म्हणून छाटणीनंतर 48 तासांच्या आत काडीवरच्या डोळ्यांना (फुटव्याच्या कळ्यांना) हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते लावणाऱ्या माणसानं आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. थोडीशी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो; दवाखान्यात न्यायची पाळी येते. हातमोजे तर हवेतच, पण मजुरांना ही गोष्ट तोंडानं, स्पष्ट सांग. डब्यावरचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही.

लवकर तोडणीचा दुसरा फायदा एप्रिलमध्ये कळतो. वेलीला महिनाभर विसावा देऊन मार्चच्या मध्यावर खरडछाटणी, म्हणजे नवी काडी आणायची उन्हाळी छाटणी, करता येते. मग मे तापायच्या आत ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) पानांची सावली आलेली असते. पुढच्या वर्षीचा घड याच काडीच्या डोळ्यात, छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत ठरतो. एप्रिलअखेर छाटलंस तर फूट मेच्या कडक उन्हात येते आणि घड ठरायचे दिवस जूनच्या ढगाळ हवेत जातात. डोळे नीट फुटत नाहीत, काडीत घड कमी ठरतात, आणि उघडे ओलांडे भाजतात. छाटल्याबरोबर ओलांड्यांना चुना लाव.

खायच्या द्राक्षाची सवय असलेला सल्लागार तुला दोन गोष्टी हमखास सांगेल: मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) आणि गोडीला पालाश. दोन्ही नको. वाइनला मणी लहानच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. पालाशचं तर उलटंच आहे. आपल्या काळ्या जमिनीत तो मुळातच भरपूर. वरून 0:0:50 हे पालाशचं खत ओतलंस की तो रसात उतरतो, टार्टारिक आम्लाशी बांधला जाऊन स्फटिकरूपानं खाली बसतो आणि रसाचा सामू चढतो. गोडी 23 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पण सामू 3.9, असा माल गरम भागात नेहमी दिसतो, आणि शेतकऱ्याला कळत नाही की एवढं गोड असून वायनरी नाक का मुरडते. सामू 3.3 असताना लिटरमागे 25-30 मिलिग्रॅम मोकळा सल्फर डायऑक्साइड वाइन टिकवतो, 3.8 ला तेच काम करायला 80 च्या घरात लागतो. टार्टारिक लिटरला 1 ग्रॅम टाकलं तर सामू साधारण 0.1 नं उतरतो, पण पालाश भरपूर असेल तर तेवढाही नाही. म्हणजे बागेतली चूक टाकीत दुरुस्त करणं महागात पडतं. पानांच्या देठांच्या परीक्षणात कमतरता दिसली तरच पालाश दे.

ओळी उत्तर-दक्षिण ठेव, 9 बाय 5 फुटांवर एकरी 968 वेली बसतात. घडाभोवतीची पानं काढायची ती फक्त पूर्वेची. पश्चिमेची काढलीस तर दुपारच्या उन्हात मणी भाजून तपकिरी होतात. एकरी चार-पाच टनांवर माल ठेवू नकोस, दाटी असेल तर घड कापून टाक. भुरीसाठी (पांढऱ्या बुरशीच्या रोगासाठी) गंधक मारत असशील तर तोडणीच्या महिनाभर आधी थांब. गंधक रसात गेलं की आंबवताना त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि दोष सगळे यीस्टला देतात.

पिकत आल्यावर दर तीन दिवसांनी दोनेकशे मणी काढ. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे आणि खालचेही. टोकाचा एक गोड मणी चाखून तारीख ठरवायची नाही. रस काढ, सावलीत थंड होऊ दे, मग गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि सामूमापक लाव. पांढऱ्याला 21-22 ब्रिक्स आणि 3.2 ते 3.4 सामू मिळाला की तोड. तोडणी पहाटे, 20 किलोच्या क्रेटमध्ये. नाशिक तुझ्यापासून तीनशे किलोमीटरच्या वर. दुपारच्या गाडीत फुटलेल्या मण्यांचा रस वाटेतच आंबायला लागतो. शक्य असेल तर माल शीतगृहात थंड करून रात्रीच्या गाडीनं पाठव. गाडीभाडं कोण देणार, हेही करारात घे.

स्वतःच्या वायनरीचं तू लिहिलंस. ते पहिली चार वर्षं मनातून काढ. आकडे बघ: 10 टन द्राक्षातून 6 ते 7 हजार लिटर वाइन निघते, गाळ आणि गळती जाऊन आठ हजारांच्या आसपास बाटल्या. फेब्रुवारीत सगळा खर्च एकदम होतो आणि पैसा वर्षभर, लाल असेल तर दोन वर्षं, थेंबाथेंबानं येतो. पांढरी वाइन 12 ते 18 अंशांत आंबवावी लागते आणि फेब्रुवारीतल्या दुपारी आपल्या शेडमध्ये 32 असतं. टाकी स्वतःही तापते. 35 च्या वर गेली की यीस्ट मरतं आणि साखर अर्धवट राहते. म्हणून दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या टाक्या आणि चिलर लागतोच. शेतीची आठ तासांची लाइन त्याला चालत नाही, औद्योगिक जोडणी आणि जनरेटर दोन्ही लागतात. जागाही बघून ठरव. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. बुलडाण्यात नाही, पण परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचाच लागतो. घरी कॅनमध्ये 20 लिटर 'प्रयोग म्हणून' लावू नकोस. विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे, फळ आपल्याच वावरातलं असलं तरी.

शिकायचं असेल तर जानेवारी ते मार्च नाशिककडच्या एखाद्या वायनरीत हंगामी कामाला जा. प्रयोगशाळेतच बसव म्हणू नकोस. प्रेस धुणं, टाक्या घासणं, रात्री तापमान लिहिणं यातूनच धंदा कळतो. यीस्ट कसं जागं करतात ते नीट बघ: दहापट पाण्यात, 35 ते 40 अंशांवर, वीसेक मिनिटं, मग थोडा थोडा रस घालत थंड करत न्यायचं. एकदम थंड रसात ओतलं की निम्मं मरतं. 100 लिटरला 10 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट म्हणजे लिटरला साधारण 50 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड, हा हिशेब हातात बसू दे. पोतं जुनं असेल तर ताकद उतरलेली असते, हेही तिथंच कळेल.

लोणारला येणाऱ्या पाहुण्यांना वाइन विकायची तुझी कल्पना वाईट नाही. शेगावची गर्दी मात्र हिशेबात धरू नकोस. ती माणसं वेगळ्या कामानं येतात.

पहिली लागवड एका एकराची कर, शेनिन आणि थोडी शिराझ. आधार वाय पद्धतीचा घे, म्हणजे करार फिसकटला तर त्याच खुंटावर खायच्या जातीचं कलम भरता येईल आणि वर्ष-दीड वर्षाचंच नुकसान होईल. खुंट फेब्रुवारीत लावलास तर कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि पहिली फळछाटणी त्याच्या पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात; तोवर तूर तुला सोडता यायची नाही.

सध्या फक्त पाण्याचा नमुना घे. मोटार अर्धा तास चालू दे, मग लिटरभराची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भर, आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याला विद्यापीठात दे. क्षारता 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत आहे का ते बघ, आणि सोडियम, क्लोराइड व बायकार्बोनेटचे आकडे मला कळव. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की हेच आकडे बदलतात, म्हणून दुसरा नमुना मे महिन्यात घ्यावा लागेल.

तुझा,
काका